‘इंडिया’ लिहिलेला दगड कुठला? मालवणच्या पेटाऱ्यातल्या एका खिशातल्या निसण्याची ओळख

मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका घरात जुना पेटारा रिकामा करताना चामड्याचं एक काळपट पाकीट निघालं. आत चार इंच लांबीचा, बोटभर रुंद, मंगलोरी कौलाच्या रंगाचा दगड होता. चामड्यावर दाबलेल्या अक्षरांपैकी एकच शब्द वाचता येत होता, ‘इंडिया’, रोमन लिपीत. घरात तीन मतं झाली. मुलांच्या मते हा स्वदेशी माल, कारण ‘मेड इन इंडिया’मधलं ‘मेड इन’ पुसलं गेलं असणार. एका नातेवाइकाने इंटरनेटवरची चित्रं पाहून तो अमेरिकेतला नैसर्गिक ‘अर्कान्सास’ दगड ठरवला. आणि घरातल्या सर्वांत वडील बाई एवढंच म्हणाल्या, “ह्येका आमचे सासरे कुरुंदच म्हणत.” सासरे मुंबईच्या गोदीत फिटर होते. निवृत्तीनंतर गावी आले आणि हा दगड चाकू आणि गळांना धार लावण्यासाठी वापरत राहिले.

प्रश्न चार होते. दगड कशाचा, बनवला कोणी, साधारण केव्हाचा, आणि आता वापरावा की जपून ठेवावा. जुन्या निसण्यांच्या, म्हणजे धार लावायच्या दगडांच्या, ओळखीत बहुतेक चुका एकाच कारणाने होतात. लोक आधी नाव वाचतात आणि मग दगडाला त्या नावात बसवतात. इथे उलट क्रम धरला. आधी दगडाचं अंग, मग पाकीट, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

हात लावण्याआधी

वस्तू तपासायला येईपर्यंत तिचं थोडं नुकसान झालेलं होतं. चामडं मऊ व्हावं म्हणून कुणी खोबरेल तेल चोळलं होतं. त्याने चामडं काळं पडलं, अक्षरांच्या खाचांत तेल आणि धूळ बसली आणि सोनेरी मुलाम्याचे उरलेसुरले कण फडक्याबरोबर गेले. दगडाचं एक टोक कपडे धुण्याच्या पावडरीने घासलेलं होतं. कोकणात खोबरेल तेल सगळ्याला चालतं, हा समज जुन्या चामड्याच्या बाबतीत मात्र घातक आहे. तेल आत मुरतं, खवट होतं, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

म्हणून पहिला नियम हा, की सर्व मोजमापं आणि फोटो होईपर्यंत काहीही धुवायचं नाही. तेल निघालं की दगडाचं वजन बदलतं, आणि पाकिटाच्या आत कागदाचा कपटा चिकटलेला असेल तर पाण्याने किंवा पेट्रोलने त्याची शाई जाते. बुरशीचा पांढरा थर कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, नाकाला फडकं बांधून झाडला. दगड पाकिटात घट्ट बसला होता. ओढून काढला असता तर शिवण उसवली असती. पाकीट उभं धरून तोंडाकडून पातळ प्लॅस्टिकची पट्टी दगड आणि चामडं यांच्यामध्ये चारही बाजूंनी सरकवली, मग पाकीट उलटं करून तळावर हलके टिचके मारले. दगड आपल्या वजनाने खाली आला.

दगडाचं अंग

व्हर्नियरने मापं आली १०१.४ मिमी लांबी, २५.२ मिमी रुंदी आणि टोकाशी १२.६ मिमी जाडी. म्हणजे झीज धरून ४ × १ × अर्धा इंच. इंचातलं माप पाहून ‘इंग्लंड किंवा अमेरिका’ असं लगेच म्हणण्याचा मोह होतो. पण भारतातही १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत रुळेपर्यंत इंचच चालत होते. त्यामुळे इंचावरून देश कळत नाही, फार तर काळाचा अंदाज येतो.

एका रुंद बाजूला मधोमध खोलगटपणा होता. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली साध्या लिहिण्याच्या कागदाचे कपटे सरकवले. चार कपटे मावले, पाचवा जाईना. असा एक कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे खोली ०.४ मिमी. दुसऱ्या बाजूच्या कडेला मिलिमीटरभर रुंदीच्या तीन बारीक चरी होत्या. अशा चरी चपट्या पात्याने पडत नाहीत. गळ, टोच्या, दाभण अशी टोकदार वस्तू एकाच रेषेत पुन्हापुन्हा ओढली की पडतात. घरात सांगतात तो वापर दगडावरच्या खुणांशी जुळत होता. म्हणूनच जुना दगड हातात आला की लगेच सपाट करायला घेऊ नये. या खुणा एकदा गेल्या की पुन्हा मिळत नाहीत.

आता घनता. काट्यावर दगड ७९.२ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा काचेचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला लागणार नाही असा टांगला. काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. आकडा आला ३१.५. लांबी, रुंदी, जाडी यांच्या गुणाकारातून खोलगट भाग वजा केला तरी एवढंच येतं, म्हणजे माप बरोबर आहे. इथे हमखास चूक होते ती हवेच्या बुडबुड्यांनी. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ओल्या ब्रशने दगडाच्या कडा पुसून मगच आकडा वाचावा. तेलाने भरलेला दगड पाणी पीत नाही, म्हणून या मोजणीने त्याला काही होत नाही.

७९.२ भागिले ३१.५ म्हणजे २.५१. आणि इथेच नातेवाइकाचं मत खरं वाटू लागलं. अर्कान्सासचा दगड म्हणजे नोव्हाक्युलाइट, अतिशय बारीक कणांचा जवळजवळ शुद्ध सिलिका, वॉशिता पर्वतरांगेत हॉट स्प्रिंग्ज शहराच्या परिसरात निघणारा. सच्छिद्र वॉशिता प्रकाराची घनता २.२ च्या आसपास असते, आणि दगड जितका कठीण व घट्ट तितकी ती क्वार्ट्झच्या २.६५ कडे सरकते. २.५१ हा आकडा चांगल्या कठीण अर्कान्सासला अगदी शोभतो.

पण तोच आकडा कृत्रिम दगडालाही शोभतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणाची घनता ३.९५ असते, पण भाजलेल्या निसण्यात कणांच्या मध्ये जोडमाती आणि भोकं असतात. भोकांत तेल भरलेलं असेल तर सगळ्यांची सरासरी पुन्हा अडीचच्या आसपास येते. तात्पर्य, घनतेने संगमरवरापासून कुरुंदापर्यंत काहीच नक्की होत नाही, जोपर्यंत दगड आतून कसा बांधलेला आहे हे पाहिलेलं नाही. एकाच चाचणीवर निकाल देणारे इथेच फसतात.

पुढच्या तीन चाचण्यांनी मात्र निकाल लागला. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा दगडाच्या कडेला टेकवला. कठीण, अर्धपारदर्शक अर्कान्सास असता तर कड मेणबत्तीच्या मेणासारखी उजळली असती. इथे प्रकाश अजिबात आत शिरला नाही. एवढ्यावर मात्र थांबता येत नाही, कारण अर्कान्सासचे अपारदर्शक प्रकारही असतात.

मग सोनाराचं दहापट भिंग घेऊन कोपऱ्यावरचा चार मिलिमीटरचा जुना टवका पाहिला. नोव्हाक्युलाइट गारगोटीसारखा शिंपल्याच्या आकारात फुटतो. फुटलेला भाग मेणचट, एकसंध दिसतो आणि भिंगातूनही दाणा सुटा दिसत नाही. इथे टवका कौल फुटावं तसा खरबरीत होता. तपकिरी-नारिंगी दाणे, मध्ये काचेसारखी चकाकणारी जोड आणि बारीक भोकं, त्यांत काळं तेल. हा निसर्गात घडलेला दगड नव्हे, साच्यात दाबून भट्टीत भाजलेला दगड.

तिसरी चाचणी गारगोटीची. कोकणात गारगोटी शोधायला लांब जावं लागत नाही. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसर सिलिका वाळूसाठीच ओळखला जातो आणि ओढ्यात पांढरी गारगोटी सहज मिळते. गारगोटी फोडून तिचा ताजा, चकचकीत भाग घ्यावा आणि निसण्याचा न दिसणारा कोपरा त्यावर जोर देऊन एकदाच ओढावा. मग ओल्या बोटाने पुसावं. पुसली जाते ती भुकटी, राहते ती खरी चरी. क्वार्ट्झची कठिणता मोहस् मापाने ७, ॲल्युमिनियम ऑक्साइडची ९, सिलिकॉन कार्बाइडची त्याहून थोडी वर. अर्कान्सास स्वतःच क्वार्ट्झ असल्यामुळे गारगोटीवर नीट चरी काढू शकत नाही. स्लेटचा निसणा तर उलट स्वतःच झिजतो. या दगडाने स्पष्ट, नखाला लागणारी चरी काढली. काचेवर ओरखडा काढून पाहण्याची पद्धत आपल्याकडे जास्त प्रचलित आहे, पण ती या कामाला निरुपयोगी आहे. काच इतकी मऊ असते की वरीलपैकी अर्कान्सासही तिला सहज ओरखडतो.

न्हाव्याच्या धोकटीतला पिवळसर बेल्जियन दगड, कोटिक्युल, हीदेखील एक शक्यता असते, कारण तोही आकाराने लहान आणि रंगाने पिवळट. पण त्यातले गार्नेटचे कण इतके बारीक असतात की दगड हाताला मलईसारखा लागतो, आणि बहुतेकदा त्याच्या पाठीला निळसर-काळ्या दगडाचा थर जोडलेला दिसतो. इथे तसं काही नव्हतं. लिंबाच्या रसाने फेस आला नाही, म्हणून चुनखडक आणि संगमरवरही बाद.

उरलं कृत्रिम दगडांचं घराणं, आणि त्यात दोन मोठ्या शाखा. एक सिलिकॉन कार्बाइडची. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत तो विजेच्या भट्टीत बनवला आणि ‘कार्बोरंडम’ हे नाव दिलं. त्याचा दगड राखाडी ते काळा असतो आणि भिंगाखाली दाण्यांवर निळ्या-हिरव्या झाका चमकतात. दुसरी शाखा बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून मिळणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची. बॉक्साइट म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरही सापडणारं तेच खनिज. या शाखेचे दगड तपकिरी, नारिंगी, कौलासारखे. आपला दगड या दुसऱ्या शाखेतला.

ॲल्युमिनियम ऑक्साइड निसर्गात स्फटिकरूपाने सापडतो तेव्हा त्यालाच कुरुंद म्हणतात. इंग्रजीतला ‘कॉरंडम’ हा शब्दच आपल्याकडच्या कुरुंद–कुरुविंद या शब्दांवरून तिकडे गेला, आणि ‘कार्बोरंडम’ हे नाव त्यावरूनच बेतलेलं. म्हणजे गोदीतल्या त्या फिटरने वापरलेला शब्द द्रव्याच्या दृष्टीने अचूक होता. कारागीर वापरतो त्या शब्दाकडे घरचे लोक ‘जुन्या माणसांचं बोलणं’ म्हणून दुर्लक्ष करतात. ओळख पटवणाऱ्याने तसं करू नये. या प्रकरणात सर्वांत आधी बरोबर उत्तर त्या बाईंनीच दिलं होतं.

पाच अक्षरं आणि त्यांच्या डावीकडची जागा

चामड्यावरचे दाबलेले ठसे वाचायला पेन्सिलने घासून कागदावर उतरवण्याची पद्धत जुन्या चामड्यावर वापरू नये, वरचा पापुद्रा निघतो. त्याऐवजी खोलीत अंधार करून दिवा जवळजवळ पाकिटाच्या पातळीत, अगदी तिरपा धरावा आणि चारही दिशांनी एकेक फोटो घ्यावा. कॅमेरा हलू देऊ नये, फक्त दिवा फिरवावा. एका दिशेने न दिसणारी रेघ दुसरीकडून दिसते. इथे ‘इंडिया’ची पाच रोमन अक्षरं स्पष्ट झाली आणि त्यांच्या खाली लहान अक्षरांच्या ओळीच्या बुंध्यांचे अर्धवट ठिपके दिसले.

आता ‘मेड इन’चा प्रश्न मोजपट्टीनेच सुटला. पाकीट ११२ मिमी लांब. शब्दाची लांबी ३० मिमी. डाव्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंत ४१ मिमी, शेवटच्या अक्षरापासून उजव्या कडेपर्यंतही ४१. म्हणजे ओळ मध्यावर बसवलेली आणि पूर्ण आहे. तिच्या डावीकडे ‘मेड इन’ असतं तर ‘इंडिया’ हा शब्द उजवीकडे सरकलेला दिसला असता. दुसरं असं, की देशाचं नाव सांगणारी ओळ सहसा लहान अक्षरांत, तळाशी असते. इथे ‘इंडिया’ हीच पाकिटावरची सर्वांत मोठी अक्षरं आहेत. सर्वांत मोठ्या अक्षरांत माल कुठे बनला हे छापत नाहीत, मालाचं नाव छापतात.

आणि ‘इंडिया’ हे खरंच मालाचं नाव आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरातली नॉर्टन कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे निसणे ‘इंडिया’ याच नावाने बनवत आली. आजही हे नाव चालू आहे. भारतीय माणसाच्या हातात हा दगड आला की गोंधळ होणं अटळ आहे, आणि निसण्यांच्या दुनियेत असा गोंधळ एकच नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ‘इंडियन पाँड’ नावाचे गवताच्या कोयत्यांचे निसणे निघत. ते तिथल्या एका तळ्याच्या नावावरून. कार्बोरंडम कंपनीच्या जुन्या खोक्यांवर पिसांचा मुकुट घातलेला अमेरिकेतला मूळनिवासी सरदार असे. तिन्ही ठिकाणी ‘इंडिया’ किंवा ‘इंडियन’, आणि तिन्हींचा भारतात बनण्याशी संबंध नाही.

तरीही मुलांचं मत सरळ हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भारतात ग्राइंडिंग व्हील बनवण्याचा उद्योग कोकणच्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ मध्ये ग्राइंडवेल या नावाने सुरू झाला. पुढे नॉर्टनचं नाव त्याला जोडलं गेलं. मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ मध्ये उभी राहिली. म्हणजे अमेरिकन नाव आणि भारतीय कारखाना ही जोडी नंतरच्या काळात पूर्णपणे शक्य होती. त्यामुळे ‘दगड भारतीय नाही’ हे केवळ ‘इंडिया’ या शब्दावरून म्हणता येत नाही, जसं ‘दगड भारतीय आहे’ हेही म्हणता येत नाही. आणखी पुरावा हवा होता.

द्रव्यावरूनही बनवणारा ठरत नाही, कारण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे निसणे एकटी नॉर्टन बनवत नव्हती. कार्बोरंडम कंपनीही ते ‘अलॉक्साइट’ नावाने विकत असे. सुटा, पाकीट नसलेला कौलाच्या रंगाचा दगड कुणी आणून ‘हा नॉर्टनचाच ना?’ असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘तसा असू शकतो’ यापुढे जात नाही.

कपटा

पाकिटाच्या तळाशी, आतल्या बाजूला, कसरीने खाल्लेला नखाएवढा कागद चिकटलेला होता. सुमारे १४ × ९ मिमी. तो काढायचा प्रयत्न केला नाही, आणि तो निर्णय योग्य होता असं ठामपणे म्हणता येतं. कागद पाकिटात असणं हाच पुराव्याचा अर्धा भाग आहे. बाहेर काढलेला सुटा कपटा कुठलाही असू शकतो. पाकिटाचं तोंड पट्टीने थोडं उघडं धरून, आत बारीक दिवा सोडून, मोबाइलला जोडायच्या नळीसारख्या कॅमेऱ्याने फोटो घेतले. असा कॅमेरा नसेल तर दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा चालतो, फक्त मजकूर उलटा दिसतो हे लक्षात ठेवावं.

वरच्या ओळीत ‘को.’ एवढीच कंपनी या शब्दाच्या संक्षेपाची दोन रोमन अक्षरं. खालच्या ओळीत एक तुटकं अक्षर, स्वल्पविराम, आणि मग ‘एन.’ आणि आणखी एक अर्धवट अक्षर, ज्याचा वरचा भाग कसरीने नेला होता. घरच्यांना ती कुणा इंग्रज इंजिनिअरची आद्याक्षरं वाटली होती. पण ती छापील होती, त्यांच्या आधी स्वल्पविराम होता, आणि वरच्या ओळीत ‘कंपनी’ होतं. ही पत्त्याची शेपटी होती, राज्याचं संक्षिप्त नाव.

अमेरिकन निसण्यांच्या बाबतीत ही शेपटी फार बोलकी असते. नॉर्टनचा पत्ता वूस्टर, ‘मास.’ कार्बोरंडमचा नायगारा फॉल्स, ‘एन. वाय.’ नॉर्टनशी १९३० नंतर जोडली गेलेली बेअर-मॅनिंग ही ट्रॉय, पुन्हा ‘एन. वाय.’ आणि पाईक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, पाईक गावची, ‘एन. एच.’ म्हणजे न्यू हॅम्पशायर. सगळा प्रश्न त्या अर्धवट अक्षरावर येऊन ठेपला. ते ‘वाय’ की ‘एच’? रोमन ‘वाय’ खाली एका पायावर उभा असतो, ‘एच’ दोन पायांवर. फोटो मोठा करून पाहिल्यावर ओळीच्या बुंध्याशी दोन स्वतंत्र उभे पाय दिसले, मध्ये कोरा कागद. ‘एच’.

एवढ्यावरही घाई करणं बरं नव्हतं. न्यू हॅम्पशायरमध्येच लिटलटन इथेही नॉर्टन-पाईकचा निसण्यांचा कारखाना पुढे बराच काळ होता. लिटलटन असेल तर दगड कितीही अलीकडचा असू शकतो. म्हणून स्वल्पविरामाआधीचं तुटकं अक्षर पाहिलं. रोमन स्पेलिंगने ‘लिटलटन’च्या शेवटी ‘एन’ येतो, ‘पाईक’च्या शेवटी ‘ई’. कागदावर उभ्या दांड्याला उजवीकडे जोडलेल्या दोन आडव्या रेघा शिल्लक होत्या, खालची आणि मधली. ‘एन’मध्ये आडवी रेघच नसते. शब्द ‘ई’वर संपतो. मराठी कानाला ‘पाईक’ म्हणजे चाकर किंवा शिपाई. इथे मात्र ते गाव वसवणाऱ्या उद्योगाच्या कुटुंबाचं आडनाव आहे.

मग पाकिटावर नॉर्टनचं ‘इंडिया’ आणि आत पाईकचा पत्ता, हे एकत्र कसं? उलट, हीच जोडी सर्वांत पटणारी आहे. पाईक कंपनी मुळात नैसर्गिक निसण्यांची. न्यू हॅम्पशायरचे कोयत्यांचे दगड, अर्कान्सास, ‘लिली व्हाइट’ नावाने विकला जाणारा वॉशिता हा तिचा व्यापार. नॉर्टनकडे ग्राइंडिंग व्हीलची भट्टी होती, पण सुतार-फिटरच्या दुकानापर्यंत निसणे पोचवण्याचं जाळं पाईककडे होतं. म्हणून नॉर्टनने बनवलेले ‘इंडिया’ दगड पाईक विकत असे. पुढे १९३२ मध्ये नॉर्टननेच पाईक विकत घेतली. जुन्या निसण्याच्या बाबतीत ‘मेकर कोण’ हा एक प्रश्न नसून दोन आहेत. भट्टीत कोणी भाजला, आणि कोणाच्या नावाने दुकानात आला. खोक्यावर दिसतं ते बहुतेकदा दुसऱ्याचं उत्तर.

या दगडापुरतं सांगायचं तर भाजला नॉर्टनने, विकला पाईकने. काळ विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९३२ पर्यंतचा, त्यात दुकानात पडून राहिलेल्या मालासाठी पुढची काही वर्षं धरावीत. द्रव्याबद्दल आणि ‘इंडिया’ या नावाबद्दल शंका उरलेली नाही. पाईकबद्दलचा निष्कर्ष दोन तुटक्या अक्षरांवर उभा आहे, पण त्या अक्षरांना दुसरं वाचन लागू पडत नाही. फिटरसाहेबांच्या नोकरीची वर्षं काळ ठरवायला मुद्दाम वापरली नाहीत. हत्यार माणसाच्या आधी दुसऱ्याच्या हातात असू शकतं, गोदीत तर हत्यारं सर्रास हातोहात फिरत.

साफ करणं, वापरणं, ठेवणं

मोजमापं संपल्यावरच दगड साफ केला. वरचा काळा, काचेसारखा चकचकीत थर म्हणजे जुनं तेल आणि पोलादाची भुकटी. याच थरामुळे दगड ‘मेला’, धार धरत नाही, असं लोक म्हणतात. रॉकेल मिळेनासं झालं आहे, पण रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. दगडावर चमचाभर ओतून पंधरा मिनिटं ठेवावं, नायलॉनच्या ब्रशने घासावं, चिंधीने टिपावं, असं तीन-चार वेळा. शेवटी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. पूर्ण बुडवून दिवसभर ठेवू नये. कारखान्यात आत भरलेलं तेल बाहेर येतं आणि मग दगड वापरताना ओतलेलं तेल शोषत बसतो. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात तर मुळीच नको. आतलं तेल आणि दगड वेगवेगळ्या वेगाने फुगतात, आणि आधीच टवका असलेल्या कोपऱ्यापासून तडा जातो.

वापरायला दगड उत्तम आहे, बारीक दाण्याचा. खिशातल्या चाकूला, अडकित्त्याला, अरुंद पटाशीला, गळाला चालेल. कोयता याच्यावर पाजवू नये, चार इंचांत पात्याला पुरेशी धाव मिळत नाही आणि मधला खोलगटपणा वाढतो. तेल पातळ खनिज तेल घ्यावं, शिवणयंत्राचं चालतं. करडईचं किंवा जवसाचं तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा होतं. खोबरेल तसं वाळत नाही, पण थंडीत थिजतं आणि भुकटी धरून ठेवतं. या घराने सुचवलेला मार्ग आम्हालाही पटला. खोलगट बाजू आणि चरींची कड तशीच ठेवायची, आणि धार लावायची झाली तर दुसरी सपाट बाजू वापरायची.

पाकिटात दगड परत घातलेला नाही. तेलाने चामडं आणखी काळं होईल आणि दगड आत-बाहेर करताना कपटा निघेल. पाकिटात त्याच मापाची थर्मोकोलची पट्टी, जाडीला एक मिलिमीटर कमी, पांढऱ्या बटरपेपरात गुंडाळून, कपटा आहे त्या बाजूला न टेकता सरकवली आहे, म्हणजे आकार बसणार नाही. दगड सुती कापडात वेगळा. दोन्ही वस्तू घट्ट झाकणाच्या तीन लिटरच्या डब्यात, सोबत पन्नास ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. आकडा ५० ते ५५ टक्क्यांवर राहिला तर बुरशी धरत नाही आणि चामडंही तडकत नाही. तो ४५ च्या खाली गेला तर जेल अर्धं काढावं. उन्हात वाळवण्याचा विचार मनात आणू नये, मे महिन्याच्या एका दुपारच्या उन्हात शिवणीजवळ चामडं फुटतं.

डबा पावसाच्या सुरुवातीला भरून ठेवला की नारळी पौर्णिमेपर्यंत उघडू नये. जितक्या वेळा झाकण निघतं तितकी खारी, दमट हवा आत शिरते. पौर्णिमेनंतर एखादा कोरडा दिवस पाहून जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून घ्यावं, आणि तेवढ्या वेळात पाकिटाच्या तळातल्या कपट्याचा एक ताजा फोटो काढून पहिल्या फोटोशी ताडून पाहावा. ‘एच’चे दोन पाय आणि ‘ई’च्या दोन रेघा जागेवर आहेत ना, एवढंच पाहायचं आहे.